निळी फुली

आमच्या सासूबाईंना शेवटची दोन वर्षं चेहरे ओळखू येत नव्हते, पण माणसं ओळखू येत होती. कोडं घालत नाहीये, खरंच सांगतेय. सकाळी त्यांना उठवून खिडकीपाशीच्या खुर्चीत बसवलं की घरातले आम्ही सगळे एकेक करून त्यांच्यापुढे मान वाकवायचो. त्या हात पुढे करायच्या, मानेमागची कॉलर उलटी करायच्या, आतल्या शिवणीवरून बोट फिरवायच्या आणि म्हणायच्या, "हां, धाकटा." नाहीतर, "अगंबाई, तू होय!" मग आमचा दिवस सुरू व्हायचा. त्या गेल्या त्याला आता वर्ष होईल. अजूनही सकाळी त्या खुर्चीजवळून जाताना माझी मान आपोआप खाली जाते.

माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते. सासूबाईंचं नेमकं उलटं. त्यांच्याशी भांडायला मजाच यायची नाही. मी एकटीच भांडायचे, एकटीच दमायचे आणि मग चहाचा कप त्याच माझ्यापुढे सरकवायच्या. "घसा कोरडा पडला असेल," म्हणायच्या. टोमणा नसायचा हो त्यात! त्यांना खरंच माझ्या घशाची काळजी असायची. आता अशा बाईचं काय करायचं?

चौतीस वर्षं त्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होत्या. धुणाऱ्यांत नव्हे आणि इस्त्रीवाल्यांतही नव्हे, खुणा घालणाऱ्यांत. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांची नोकरी चालू होती. एकदा त्या चष्मा घरी विसरल्या म्हणून तो द्यायला गेले, तेवढीच ती खोली पाहिली. तळघरात होती. छतावरून वाफेचे जाड पाइप गेलेले, ओल्या कापडाचा वास भरलेला, आणि वरच्या बाजूला एकच आडवी खिडकी. तिच्यातून रस्त्यावरच्या लोकांचे नुसते बूट दिसायचे. लांबलचक टेबलाशी पाचसहा बायका बसलेल्या. भिंतीवर खिळ्यांची रांग आणि प्रत्येक खिळ्यावर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचं रीळ. प्रत्येक वॉर्डाचा रंग ठरलेला. चादर, अभ्रा, गाऊन, जे काही असेल त्याच्या कोपऱ्यात त्या रंगाची खूण टाक्यांनी घालायची, म्हणजे धुऊन आल्यावर जिथलं तिथे जातं. शाईच्या खुणा तिथल्या उकळत्या पाण्यात टिकायच्या नाहीत, दोरा टिकायचा.

पेशंटच्या स्वतःच्या कपड्यांनाही तात्पुरती खूण घालत. पेशंट घरी गेला की ती खूण उसवायची. पेशंट दगावला तरी उसवायची, आणि कपडे कोरे करून नातेवाइकांच्या हातात द्यायचे. ज्याला खूण नाही, ते सगळं कोपऱ्यातल्या पिंपात. त्या पिंपाला सगळे 'बेवारशी' म्हणायचे. सासूबाईंना ते पिंप बघवत नसे. दुपारच्या सुट्टीत त्या त्यातला एखादा स्वेटर, एखादं लहान बाळाचं टोपडं घेऊन वॉर्डावॉर्डांतून फिरायच्या आणि विचारायच्या, "हे कुणाचं हो?" जिने चढून पाय दुखायचे, पण घरी येऊन सांगायच्या तेव्हा चेहरा उजळलेला असायचा. "आज टोपडं पोहोचलं गं!"

पेशंटच्या गाऊनला मागे दोन नाड्या असायच्या आणि पाठ उघडी पडायची. ह्या बाईंनी कुणाला न विचारता दर गाऊनला तिसरी नाडी लावायला सुरुवात केली. वरचा साहेब ओरडला, नाडीची रिळं संपतायत म्हणून. ह्या म्हणाल्या, "साहेब, आजारी माणसाची पाठ झाकलेली पाहिजे." तिसरी नाडी राहिली. ही हकिकत मला त्यांच्याकडून कळलेली नाही, त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी त्याच साहेबांनी सांगितली.

हीच खुणांची पद्धत त्यांनी घरातही चालवली होती. पुरुषांना निळा दोरा, बायकांना हिरवा. आमच्या ह्यांची एक निळी आडवी रेघ. शर्ट, बनियन, टॉवेल, रुमाल, कशालाही सूट नाही. माझ्या लग्नाला तीन दिवस झाले नाहीत तोवर माझ्या सगळ्या कपड्यांच्या आत हिरवी उभी रेघ! माझं डोकं फिरलं. "मी काय हॉस्पिटलची चादर आहे?" मी ह्यांना विचारलं. "आईची सवय आहे गं," म्हणून ह्यांनी पेपरात डोकं खुपसलं. मी ब्लेड घेतलं आणि सगळ्या रेघा उसवून टाकल्या. दोन दिवसांनी रेघा जागच्या जागी हजर. परत उसवल्या, परत आल्या. तिसऱ्या वेळी मी तणतणत गेले आणि टॉवेल त्यांच्यासमोर आपटला. त्या सुईत दोरा ओवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अगं, बिनखुणेचं काही हरवलं तर परत कोण आणून देणार? तू नवीन आहेस. मला धास्ती वाटते."

आता यावर भांडायचं तरी काय? मी टॉवेल उचलला आणि गुपचूप घडी घातली.

रविवारी दुपारी घड्यांचं वाटप व्हायचं. आठवड्याचे धुतलेले कपडे पलंगावर घेऊन त्या बसायच्या आणि एकेकाला हाक मारायच्या. ज्याची हाक त्यानं जाऊन समोर बसायचं. त्या घड्या मांडीवर ठेवून एकेक कपडा हातात देणार आणि तेवढ्यात सगळी चौकशी करणार. "ह्या खिशात दोन सिनेमाची तिकिटं होती, कोण होतं बरोबर?" हे माझ्या मुलीला. "बाह्या का फाटतायत रे, ऑफिसात टेबल बदललंय का?" हे ह्यांना. मला एकदा म्हणाल्या, "तुझा अभ्रा महिनाभर खारट लागतोय." माहेरची आठवण येऊन रडायचे, हे मी ह्यांनाही सांगितलं नव्हतं. पुढच्या रविवारी त्यांनी माझ्या घडीवर बसचं तिकीट ठेवलं होतं. "चार दिवस जाऊन ये. इथलं मी बघते." ते दिवस आठवले की वाटतं, तेव्हा आपल्याला कळत कसं नव्हतं की हे सगळं किती सुखाचं चाललंय!

या वाटपामुळे एक मात्र झालं. स्वतःची खूण कुठली हे कुणाच्या लक्षातच राहायचं नाही. कशाला राहील? घडी हातात यायची. खुणा बघणाऱ्या एकट्या त्याच होत्या. पुढे कपडे माझ्या हातात आले तेव्हा मी आमच्या चौघांच्या पाठ केल्या, तेवढ्याच.

आता भाऊजींचं सांगते. भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. मी घरात आले त्याच्या सहा वर्षं आधी ते घर सोडून गेलेले. सासरे लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे, मोठे मिस्त्री होते. मिनतवाऱ्या करून त्यांनी थोरल्याला आपल्याच कंपनीत चिकटवलं. हा बाबा तीन महिन्यांत सोडून आला. म्हणाला, मला जहाजावर स्वयंपाकी म्हणून काम मिळालंय, मला तेच आवडतं. जेवणाच्या टेबलावर भडका उडाला. सासरे म्हणाले, "जायचंय तर जा. पण मी बोलावल्याशिवाय या घरात पाऊल टाकायचं नाही." आणि थोरला म्हणाला, "तुम्ही बोलवाल तेव्हाच येईन." बाप तसा लेक. दोघंही हट्टाला पेटलेले.

चार वर्षांनी एका रविवारी सकाळी दाढी करता करता सासरे गेले. भाऊजी समुद्रात होते, निरोप पोहोचायला नऊ दिवस लागले. ते आलेच नाहीत. फोनवर म्हणाले, "बाबांनी बोलावलं नाही." झालं! त्या दिवसापासून ती गाठ कायमची बसली. बोलावणारा माणूस गेला, आता बोलावणार कोण? गेलेला माणूस काय फोन करतो? मला विचाराल तर हा शुद्ध गाढवपणा होता आणि मी तो शब्द ह्यांच्यासमोर अनेकदा वापरला आहे.

पुढे भाऊजी लग्न करून परदेशातच राहिले. सासूबाई मात्र दोनदा त्यांच्याकडे जाऊन आल्या, त्यांना मुलं झाली तेव्हा. एकटी बाई विमानात बसून गेली, बरोबर खुणा घातलेल्या झबल्यांचं गाठोडं. दर रविवारी भाऊजींचा फोन यायचा. सर्दी, खोकला, नातवंडांच्या परीक्षा, सगळं बोलणं व्हायचं, पण "कधी येतोस?" हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नाही. मी एकदा खनपटीलाच बसले. "आई, तुम्हीच का नाही बोलावत?"

"ह्यांनी बोलवायचं होतं गं. मी बोलावलं तर ह्यांचा शब्द मी मोडल्यासारखं होईल. आणि त्याचाही."

"मग बाबा असताना तुम्ही त्यांना सांगायचं होतं!"

त्या हातातल्या चादरीची चारही टोकं जुळवून घडी घालत बसल्या.

त्यांचं विसरणं हळूहळू सुरू झालं. आधी रस्ते गेले, मग शेजारीपाजारी, मग माझी नणंद माहेरी आली तेव्हा तिला, "आपण कुणाकडे आलात?" एके दिवशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाई, तुमची ड्यूटी अजून संपली नाही का?" सव्वीस वर्षं त्यांच्या हाताखाली काढलेली मी, मला म्हणे बाई! मी तिथेच फतकल मारून बसले आणि भोकाड पसरलं. त्या घाबरल्या. माझ्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. हात मानेशी आला, गाऊनच्या गळ्यात गेला, आतली रेघ बोटाला लागली. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "तू होय! कोण बोललं तुला?"

त्या दिवसापासून आमची मान वाकवण्याची रीत सुरू झाली. डॉक्टर पहिल्यांदा घरी आले तेव्हा त्यांचीही कॉलर तपासली गेली. आत काहीच नाही. "बेवारशी," सासूबाईंनी निर्णय दिला. डॉक्टर भला माणूस. दर वेळी आल्यावर दारातूनच ओरडायचा, "बेवारशी आलाय हो आजी!" आम्ही पोट धरून हसायचो.

एकदा मात्र तो हसला नाही. नाडी बघून मला बाहेर घेऊन गेला आणि म्हणाला, हृदय थकलंय, काही महिने धरून चाला, ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवा. मी तशीच आत गेले आणि भाऊजींना फोन लावला. "भाऊजी, तुमच्या आईचं डोकं गेलं, आता हृदय चाललंय. बाबांच्या फोनची वाट बघत असाल तर बसा तिकडेच." आणि फोन ठेवून दिला. हे म्हणाले, "असं बोलतात का?" मी म्हटलं, "तुम्ही चौतीस वर्षं गोड बोललात, काय उपयोग झाला?"

आठव्या दिवशी भाऊजी दारात उभे. एकसष्ट वर्षांचा माणूस, केस पांढरे, हातात एक बॅग. पायपुसण्यावर उभे राहिले आणि आत पाऊलच टाकेनात.

"येऊ का?" त्यांनी विचारलं.

"या की आता, मांजर शिरेल आत," मी म्हटलं. काहीतरी बोलायला हवं होतं ना! नाहीतर मी रडले असते.

सासूबाई खुर्चीत होत्या. भाऊजी त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसले. "आई, मी थोरला." मी खुणावलं तशी त्यांनी आमच्यासारखी मान वाकवली. सासूबाईंनी कॉलर उलटली. आत शर्टाच्या कंपनीचा विणलेला बिल्ला होता, दुसरं काही नाही. बोट एकदा डावीकडे गेलं, एकदा उजवीकडे. मग त्यांनी कॉलर नीट केली, भाऊजींच्या गालावर थोपटलं आणि हळूच म्हणाल्या, "बेवारशी. काळजी करू नका हं. येईल कुणीतरी न्यायला."

या वेळी कुणी हसलं नाही.

तीन दिवस हेच. भाऊजी सकाळ-संध्याकाळ सांगायचे, "आई, मी थोरला." त्या सभ्यपणे म्हणायच्या, "हो का? छान." जुने फोटो दाखवले, त्यांनी फोटोच्या मागे खूण शोधली. तिसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी स्वयंपाकघरात माझ्याशेजारी उभे राहून कांदा चिरत होते. हात असा चालत होता की मी बघतच राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कांद्याचं नव्हतं ते, मला काय कळत नाही?

"मला दुसरं काही नको गं," ते म्हणाले. "एकदा फक्त तिला कळू दे, मी आलोय."

"कळेल," मी म्हटलं.

"त्या दिवशी, मी गेलो तेव्हा, ती टेबलावरची ताटं उचलत होती. बाबा बोलत होते आणि ती ताटं उचलत होती. एक शब्द बोलली नाही. मला वाटलं होतं, आई तरी म्हणेल, जाऊ नको." सुरी थांबली. "म्हटलं, तिलाही तेच हवं असेल. चौतीस वर्षं हेच डोक्यात. तेवढ्यासाठी आलो नाही बघ. बाबांचं नुसतं निमित्त होतं."

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. इतके दिवस कसा पडला नाही, देव जाणे. "अहो भाऊजी, मग खूण घालू या की! तुमची खूण त्यांच्या बोटांना पाठ असणार!"

खूण घालायची, पण कुठली? "मला काय माहीत?" भाऊजी म्हणाले. "मी कधी स्वतःच्या कॉलरमध्ये डोकावलंय?" कपाटं उपसली. त्यांचा एक धागा घरात उरला नव्हता, जुन्या शर्टांची केव्हाच फडकी झालेली. नणंदेला फोन केला. ती म्हणाली, "निळंच असणार, पुरुषांचं निळंच असायचं. बाकी मला माझीच आठवत नाही." मग आमचे हे पुढे आले, छाती काढून. "फुली होती. निळी फुली. मला पक्कं आठवतंय, लहानपणी वाळत घातलेल्या शर्टावर मी बघितलीय. माझी रेघ आणि त्याची फुली. शपथेवर सांगतो."

एवढी शपथ घेतल्यावर मी काय म्हणणार? भाऊजींचा पांढरा शर्ट मागून घेतला आणि खिडकीत बसले. सांगायला लाज वाटते, एवढ्या बाईच्या हाताखाली राहून मला सुई धरता येत नाही. दोनदा उसवलं, तीनदा बोटाला टोचून घेतलं. शेवटी एकदाची कॉलरच्या आत निळी फुली उमटली. भाऊजींनी ती अंगठ्यानं चाचपून बघितली आणि शर्ट जपून हँगरला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांत आधी त्यांनाच पुढे केलं. आम्ही तिघं दाराशी उभे, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसे. भाऊजींनी मान वाकवली. सासूबाईंचं बोट आत गेलं, फुलीवर आलं आणि थांबलं. परत फिरलं, परत थांबलं. मी माझ्या मुलीचा हात घट्ट धरला.

सासूबाईंनी हात मागे घेतला. मांडीवरचा गाऊन सारखा केला, केसांवरून हात फिरवला, ताठ बसल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "आज इतक्या लवकर घरी? लिफ्टा सगळ्या चालू आहेत वाटतं?"

ह्यांनी माझं कोपर पकडलं. तोंडाचा रंगच उडाला होता. "बाबांची," ते कुजबुजले. "अगं, फुली बाबांची होती. बाबा गेले तेव्हा आईनं एकेक शर्ट घेऊन उसवली होती. शेजारी बसून मी बघितलं होतं."

आधी ह्यांचं डोकं आपटावं की माझं, मला कळेना. चौतीस वर्षांनी आईला भेटायला आलेल्या माणसाच्या मानेवर मी त्याच्या बापाची खूण घातली होती! मी पुढे धावले. भाऊजींनी न वळता हात वर केला आणि मला थांबवलं.

"हो," ते म्हणाले. "चालू आहेत सगळ्या."

"मग बसा घटकाभर. मला बोलायचंय. रोज तुम्ही ऐकता आणि उठून जाता. आज जाऊ नका."

"नाही जात."

"थोरल्याला बोलवा."

भाऊजींनी खुर्चीची कड धरली.

"चार वर्षं झाली. जेवायला बसलात की सांगते, कामावर निघालात की सांगते. तुम्ही भिंतीकडे बघता. पोरासमोर तुम्हाला खोटं पाडायला नको म्हणून मी त्या दिवशी गप्प बसले. चुकले मी. तो जिना उतरून गेला आणि मी ताटं धुवत उभी. त्याला वाटलं असेल, आईलाही मी नकोय."

"नाही वाटलं त्याला तसं."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही विचारलंत कधी त्याला?" त्यांचा आवाज चढला. इतक्या वर्षांत मी तो पहिल्यांदा चढलेला ऐकला. "तुमच्याकडे जन्मात मी काही मागितलं नाही. माझ्या पोराला घरी बोलवा. तुम्ही बोलावल्याशिवाय तो यायचा नाही, तुमच्याचसारखा आहे तो!"

भाऊजींचे खांदे हलत होते, पण बोलले तेव्हा आवाज सरळ होता.

"बोलावलं."

"खरंच? कधी?"

"आत्ताच. निरोप पाठवला."

"काय म्हणालात?"

"म्हटलं, घरी ये."

"रागावून नाही ना म्हणालात?"

"नाही. रागावून नाही."

"आणि तो काय म्हणाला?"

"निघतो म्हणाला."

सासूबाईंनी डोळे मिटले. मी एक पाऊल पुढे टाकलं. पण त्या नुसत्या श्वास घेत होत्या, खूप वेळ रोखून धरलेला सोडावा तसा. मग लगेच डोळे उघडले आणि कामाला लागल्या. "अगं, कोण आहे तिकडे? सुईत निळा दोरा ओवून दे. आणि एक कोरा टॉवेल आण. तो येईल तेव्हा घरात त्याचं काही नको?"

टोचून घेतील म्हणून दोन वर्षं मी त्यांच्या हाती सुई दिली नव्हती. त्या दिवशी दिली. चेहरे विसरलेली ती बाई, बोटं मात्र काही विसरली नव्हती. बघता बघता टॉवेलच्या कोपऱ्यात दोन बारीक निळ्या रेघा उमटल्या आणि त्यांच्या मध्ये एक ठिपका. "हां, दोन रेघा आणि ठिपका!" हे म्हणाले. मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते गप्प झाले.

सासूबाईंनी दातानं दोरा तोडला. टॉवेलची घडी घातली, मांडीवर दाबून सपाट केली आणि भाऊजींच्या पुढे धरली.

"हा त्याचा हं. तुमचा बाहेर दांडीवर आहे, ह्याला तुम्ही हात पुसू नका. तो आला की आठवणीनं द्या त्याला. माझ्याकडून राहून जाईल, मला हल्ली काही लक्षात राहत नाही."

भाऊजींनी ती घडी दोन्ही हातांनी घेतली.

"देतो," ते म्हणाले. "त्यालाच देतो."